नारळ फोडलेली मुतारी

अख्ख्या मुलुंडात बिनपाण्याची मुतारी पहिल्यांदा कोणी बसवली असं तुम्हाला कोणी विचारलं, तर बेधडक माझं नाव सांगा. शरच्चंद्र टिपणीस, सेक्रेटरी, शिल्पगंध सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड पूर्व. पुढे तिचं काय झालं असं विचारलं, तर विषय बदला. मी गेले तीन महिने तेच करतोय.

मी विमा कंपनीत छत्तीस वर्षं घासली. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांना जायच्या पत्राचा मसुदा माझा असायचा, त्यामुळे स्वभाव मुळातच सुतकी. उत्तरा, म्हणजे आमची बायको, म्हणते, "तुम्ही कुणाला वाढदिवसाचा फोन केलात तरी तो आधी विचारतो, कोण गेलं?" अशा माणसाच्या अंगात आयुष्यात एकदाच उत्साह संचारला, आणि त्यानंच घात केला.

उत्साहाचं कारण धाकू. धाकू आमचा वॉचमन. देवगडकडचा, वय बासष्ट, माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान. वडील गिरणीत होते, दोन वर्षं तोही गिरणीत होता. मग गिरणी सुटली, आणि मिळेल ते करत करत एकोणीस वर्षांपूर्वी तो आमच्या गेटवरच्या खुर्चीत येऊन बसला. माणूस सज्जन. पाकीट सापडलं तर घरोघरी विचारत फिरेल. त्याच्याविरुद्ध तक्रार एकच, ती म्हणजे खुर्ची रिकामी दिसते.

आता खुर्ची रिकामी का, तर धाकूला शुगर. तासाला एकदा जावंच लागतं. पूर्वी जिन्याखाली वॉचमनचा संडास होता, त्यात दोन वर्षांपूर्वी आम्ही लिफ्टच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या ठेवल्या. बाहेर भिंतीकडे जावं, तर कोणी उभं राहू नये म्हणून आम्हीच तिथे सगळ्या धर्मांच्या देवांच्या टाइल्स लावल्यात. राहिलं स्टेशनजवळचं सार्वजनिक शौचालय. जायला आठ मिनिटं, यायला आठ, आणि तिथली रांग वेगळी.

आमचा चेअरमन यज्ञेश चाळिशीतला, भारी शिस्तीचा. गाडी काढताना रिकाम्या खुर्चीचा फोटो काढायचा आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा. खाली एकच शब्द: 'परत?' त्यावर बारा जणांचे लाल, रागावलेले चेहरे. असे दोन मेमो धाकूला जाऊन चुकले होते. तिसरा मेमो म्हणजे घरी, असा आमचा ठराव आहे. दोन्ही मेमो मीच लिहिलेले. मेमो लिहिण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय.

दुसरा मेमो दिला त्या दिवशी धाकू माझ्या खिडकीशी आला.

"सायबानु, डॉक्टर म्हणता पाणी भरपूर पी. पाणी पितंय. पण जावचा खंय?"

"कमी पी ना मग," मी म्हटलं.

"कमी प्यालंय तर चक्कर येता."

"मग लवकर जाऊन ये."

"सायबानु, बासष्टाव्या वर्सात लवकर काय होता?"

तिसरा मेमो आला की ह्याची नोकरी जाणार, आणि ह्या वयात दुसऱ्या गेटवर ह्याला कोणी उभं करणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटण्याचा मला दांडगा सराव आहे, पण त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त वाटलं.

आणि त्याच संध्याकाळी फोनवर मला ती पेटी दिसली. परदेशातल्या कुठल्याशा शहरात रस्त्याच्या कडेला लाल पेटी, वर फुलझाडं, आणि समोर एक गृहस्थ निवांत उभे. आत लाकडाचा भुसा. भुसा सगळं शोषून घेतो, धरून ठेवतो, वास सोडत नाही. काही महिन्यांनी खालचा कप्पा ओढायचा, पालापाचोळ्यात मिसळून मुरू द्यायचा, की झालं झकास खत. ड्रेनेजची लाइन नको, नळ नको, महापालिकेच्या परवानगीचा प्रश्न बहुधा नको. म्हणजे गेटमागच्या कोपऱ्यात, खुर्चीपासून दहा पावलांवर, धाकूचा प्रश्न सुटला आणि बागेला खत मिळालं. मी उत्तराला हाक मारून दाखवलं.

"बघ. माणसाचं दुःख आणि झाडाचं जेवण, एकाच पेटीत."

"जेवायला बसताना दाखवायचं होतं का?" ती म्हणाली.

इथे मी पहिली चलाखी केली. कमिटीच्या विषयपत्रिकेवर 'मुतारी' हा शब्द आला असता तर त्याच मिनिटाला विषय निकालात निघाला असता, शिवाय तो शब्द कोणी लिहिला यावर वेगळी चर्चा झाली असती. म्हणून मी लिहिलं: 'पर्यावरणपूरक सेंद्रिय खत संयंत्र बसविणेबाबत.' यज्ञेशनं पर्यावरण वाचलं आणि पुढचं न वाचता सही ठोकली. ग्रुपवर टाळ्या आल्या. खरा उपयोग उत्तरा सोडली तर तिघांनाच ठाऊक होता: मी, धाकू आणि पेटी बनवणारा साकीनाक्याचा खंडू.

खंडू पत्र्याचं काम करतो. त्यानं फोटो पाहिला आणि माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"साहेब, ह्यात करायचं?"

"हो."

"आणि फुलं वर?"

"हो."

"चालतंय. पण एक ऐका, आत पाणी गेलं की खेळ खल्लास. भुसा भिजला की सडणार, आणि असा वास मारणार की तुम्ही सोसायटी विकाल. झेंडूला पाणी द्यायचं ते चमच्यानं."

दहा दिवसांत पेटी आली. पठ्ठ्यानं काम देखणं केलं होतं. गर्द हिरवा रंग, कडेला पिवळी पट्टी, पुढे कमरेच्या उंचीवर चकचकीत स्टीलचं नरसाळं, माथ्यावर केशरी झेंडू. इतकी सुंदर वस्तू आमच्या सोसायटीत दुसरी नाही. खरं तर मी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या अस्मिताताई आल्या. पेटीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "उद्घाटन कधी?"

"उद्घाटन कशाला? नुसतं खताचं तर आहे."

"टिपणीस, तुम्ही मिक्सर आणलात तरी त्याला कुंकू लावता. सोसायटीची एवढी मोठी वस्तू अशीच सुरू करणार? अपशकुन आहे तो."

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच ठाम नाही म्हणायचं. अहो, पण त्यांचं बोलणं पटलं मला. आपल्याकडे पूजा केल्याशिवाय काही सुरू होतं का? स्कूटर, फ्रिज, बोअरवेल, लिफ्टचा नवा दोर, सगळ्याला आम्ही नारळ फोडलाय. शिवाय कौतुक व्हायची माझ्यावर पाळी क्वचित येते. मी रविवार सकाळ ठरवली. आणि वर, केवळ हौसेपोटी, म्हटलं, "धाकू, तू गाऱ्हाणं घाल."

कोकणातलं गाऱ्हाणं तुम्ही ऐकलं असेल. देवासमोर उभं राहून माणूस सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागतो आणि बाकीचे दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. धाकूचा त्यात आवाज लागतो. तो जरा घुटमळला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सायबानु, हेच्यासमोर गाऱ्हाणा?"

"अरे तुझ्यासाठीच तर आहे हे सगळं. घाल बिनधास्त."

रविवारी तीस माणसं जमली. अस्मिताताईंनी पेटीला हळदकुंकू लावलं, खालच्या कप्प्यावर स्वस्तिक काढलं, नरसाळ्याला हार घातला. यज्ञेशनं नारळ फोडला. आणि धाकू हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पेटयेचा काम सुरू करतंव. जो कोण हंयसर येवन उभो रवात, तेचो भार हलको कर."

"होय म्हाराजा!"

"जो कोण अडचणीत आसा, तेका अडवून धरू नको. मोकळो कर."

"होय म्हाराजा!"

"आणि तेच्या पोटावर कोण उठलो आसात, तर तेका चांगली बुद्धी दी रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" सगळ्यात मोठा आवाज यज्ञेशचा होता. अस्मिताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. इतकं मनापासून मागितलेलं मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

सोमवारी मी सकाळपासून खिडकीत बसलो. दहा वाजले, अकरा वाजले. सव्वाअकराला धाकू उठला आणि गेटबाहेर पडून लगबगीनं स्टेशनच्या दिशेनं निघाला. मी धावत जाऊन त्याला कोपऱ्यावर गाठला.

"अरे कुठे चाललास? पेटी कशासाठी आहे?"

"सायबानु, हंयसर गाऱ्हाणा घातलंय मी. म्हाराजाक माझ्या तोंडान बोलवन आणलंय. आता तेच्यासमोर उभ्यान कसा करू?"

"धाकू, ती मुतारी आहे रे."

"होती," धाकू म्हणाला. "काल दहा वाजेपर्यंत होती."

वाट लागली. आणि त्याचं म्हणणं खोडायचं तरी कसं? भिंतीवरच्या टाइल्स आम्ही ह्याच हिशेबानं लावल्या होत्या. ज्या युक्तीनं आम्ही मुंबईकरांना भिंतीपासून लांब ठेवलं, त्याच युक्तीनं मी धाकूला मुतारीपासून लांब ठेवलं. परत आला तेव्हा ग्रुपवर फोटो पडलेला होता. 'परत?'

बाकी सोसायटीनं मात्र पेटी वापरायला घेतली. मंगळवारी सकाळी कोणीतरी तिच्यासमोर उदबत्ती लावली. बुधवारी अस्मिताताई म्हणाल्या, "गाऱ्हाण्याच्या दिवशी मी इथे तासभर उभी होते, तेव्हापासून गुडघा हलका वाटतोय." गुरुवारी तिथे गुडघ्यांची रांग लागली. नरसाळं कशासाठी आहे हे कोणाला कळेना, तेव्हा ते निर्माल्यासाठी आहे असं सर्वानुमते ठरलं, आणि घरोघरचे हार, बेल, दुर्वा त्यात कोंबल्या जाऊ लागल्या. वरच्या झेंडूंना जो तो येता-जाता तांब्याभर पाणी घालायचा.

मी नोटीस लावली: 'संयंत्रात पाणी घालू नये.' उन्हाळा तोंडावर आलेला. खाली कोणीतरी लिहिलं, 'झाडांना तहान लागत नाही का? निर्दय सेक्रेटरी.' बिनपाण्याच्या मुतारीत सगळी सोसायटी पाणी ओतत होती, आणि ज्याच्यासाठी बांधली तो दिवसातून आठ वेळा स्टेशनला चालत जात होता. त्याचे पाय सुजायला लागले होते. मला ते खिडकीतून दिसत होतं.

मग मी ठरवलं, ह्याला धडा घालून द्यायचा. देव कोपत नाही हे डोळ्यांनी दाखवायचं. दुपारी दोनची वेळ निवडली, सगळे झोपलेले. धाकूला म्हटलं, "बघ आता." नरसाळ्यातले हार काढले, बाजूला ठेवले, मनातल्या मनात माफी मागितली आणि पेटीचा तिच्या जन्मातला पहिला आणि शेवटचा योग्य वापर केला. धाकू बिचारा लाजून खुर्चीवरून उठला आणि गेटबाहेर पाठ करून उभा राहिला.

"झालं. कोपला का देव?" मी विचारलं.

"अजून वेळ आसा," धाकू म्हणाला.

वेळ चार दिवसांनी आली. भिजलेला भुसा आणि कुजलेलं निर्माल्य यांनी मिळून जो वास सोडला, त्याचं वर्णन मी करणार नाही. खंडूनं सांगितलं होतंच. पहिल्या मजल्यावरच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. अस्मिताताई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "हा वास कसला ते मला कळतं. कोणीतरी तिथे घाण केली आहे. पूजेच्या जागेवर." यज्ञेश तडक सीसीटीव्ही बघायला बसला, आणि त्याला ते सापडलं.

संध्याकाळी तातडीची कमिटी भरली. यज्ञेशनं लॅपटॉप फिरवून सगळ्यांना दाखवलं. कॅमेरा लिफ्टकडे रोखलेला, त्यामुळे पेटीचा कोपरा त्यात कसाबसा येतो. चित्रात एक माणूस पाठमोरा उभा होता, कमरेपासून खाली. वरचं काही दिसत नव्हतं. धाकूच्या गणवेशासारखी खाकी पँट. बाजूला गेटवरची खुर्ची रिकामी.

"खाकी पँट," यज्ञेश म्हणाला. "आणि खुर्ची रिकामी. अजून काय पुरावा हवा?"

निवृत्त झाल्यापासून मी खाकी पँट घालतो. मळत नाही. त्या बैठकीतही मी तीच घालून बसलो होतो. दोन्ही पाय मी टेबलाखाली ओढून घेतले.

धाकूला बोलावलं. तो दारात उभा राहिला. यज्ञेशनं त्याला चित्र दाखवलं. "हा तू आहेस का?"

धाकूनं चित्र पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, बसच्या कंडक्टरनं पासावर नजर टाकावी तेवढंच. "तुमी म्हणतास तर मीच आसन," तो म्हणाला.

"लाज नाही वाटली?" अस्मिताताई म्हणाल्या. "ज्या तोंडानं गाऱ्हाणं घातलंस…" त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

वाचकहो, मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. मी म्हटलं, "खरं म्हणजे…" आणि सगळे माझ्याकडे वळले. चौदा डोळे. त्यातले दोन अस्मिताताईंचे, लाल झालेले. एकवीस वर्षं मी ह्या सोसायटीत राहतोय, नऊ वर्षं सेक्रेटरी आहे. लिफ्टमध्ये लोक मला आधी आत जाऊ देतात.

"खरं म्हणजे काय, टिपणीस?" यज्ञेशनं विचारलं.

"खरं म्हणजे मेमो मराठीत असावा," मी म्हटलं.

"करेक्ट. तुम्हीच लिहा ना."

मी लिहिला. 'संस्थेच्या सदस्यांच्या भावना दुखावतील असे वर्तन' वगैरे. हात सवयीनं चालत होता. एकही खाडाखोड झाली नाही. घरी आल्यावर उत्तरानं जेवायला वाढलं, माझ्या पँटकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

पेटी दुसऱ्याच दिवशी यज्ञेशनं उचलून न्यायला लावली. खालच्या कप्प्यात खत वगैरे काही झालं नव्हतं. कोपरा गोमूत्र शिंपडून शुद्ध करण्यात आला. गाईचं चाललं.

महिनाअखेरीला धाकू निघाला. ऐन दुपारची वेळ. चेक नाक्यावरून पाचची गाडी, थेट देवगड. त्यानं एकोणीस वर्षांचं सामान एका रेक्झिनच्या पिशवीत भरलं होतं. निरोप घ्यायला तो आमच्या दारात आला. हातात माझा मेमो.

"सायबानु, ह्यो जरा वाचून दाखवा. चष्मो पिशवीत तळाक गेलो."

मी वाचून दाखवला. पहिल्यापासून शेवटपर्यंत, 'आपला विश्वासू' सकट.

"अक्षर बरा आसा तुमचा," धाकू म्हणाला. त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला. मी वाट पाहत होतो की आता तो काहीतरी बोलेल. मला शिव्या देईल. निदान विचारेल. मी उत्तरंही ठरवून ठेवली होती, दोन-तीन, सगळी तोकडी.

तो खालच्या आवाजात म्हणाला, "सायबानु, एक विचारू? चेक नाक्यार सोय कशी आसा म्हायत नाय. आणि गाडी पनवेलच्या पुढे गेल्याशिवाय थांबत नाय. तुमच्याकडे जरा जाऊन येव काय?"

मी उत्तराकडे पाहिलं. ती आधीच दारातून बाजूला झाली होती. "या ना आत," ती म्हणाली. "हे काय विचारायचं? डावीकडचं दार."

धाकूनं चपला दाराबाहेर काढल्या, एकावर एक सरळ लावल्या, आणि अंग चोरून आत गेला. दाराची कडी लागली.

मी तिथेच उभा राहिलो. आमचं घर तळमजल्यावर. गेटवरची ती खुर्ची आमच्या दारातून दिसते. बावीस पावलं असतील, फार तर पंचवीस. आमच्याकडे संडास दोन आहेत, एक नुसता पाहुण्यांसाठी, आणि पाहुणे येत नाहीत. मी परदेशातली पेटी शोधली, साकीनाक्याला चार खेपा घातल्या, भुसा आणला, कमिटीला फसवलं, देवाला बोलावलं. दोन वर्षं तो माणूस माझ्या खिडकीखालून स्टेशनला चालत गेला.

"मला हे कधी सुचलंच नाही हो," उत्तरा हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

आतून पाण्याचा आवाज आला. दार उघडलं. धाकू ओले हात पँटला पुसत बाहेर आला. चेहरा मोकळा, एकोणीस वर्षांत मी पाहिला नव्हता इतका. त्या क्षणी त्याला सांगायच्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ होत्या. चुकलं म्हणायचं होतं, थांब म्हणायचं होतं, यज्ञेशकडे चल, आत्ता सगळं सांगतो, असंही म्हणायचं होतं. सगळं एकदम तोंडाशी आलं आणि त्यातून जे बाहेर पडलं ते तुम्हाला सांगायची मला आजही शरम वाटते.

मी विचारलं, "फ्लश केलास ना?"

"केलंय, सायबानु," धाकू म्हणाला. "दोनदा."